दुसरा काटा

आमच्या शेजारचे शालिककाका हलवायाकडून पेढे घेत, पुडा हातात धरून रस्ता ओलांडत आणि समोरच्या किराणा दुकानात तोच पुडा पुन्हा तोलून घेत. तेही हलवाई बघत असताना. हलवाई चिडून ओरडायचा, "शालिकभाऊ, मी काय चोर दिसतो का तुमाले?" काका शांतपणे म्हणत, "तू चोर नाई रे. पन काट्याले मालक राह्यते. म्हनून दुसरा काटा पाहा लागते."

सेलूच्या कापूस बाजारात ते मापाडी होते. शेतकऱ्याची गाडी आली की कापूस तोलायचा आणि वजन सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. शेतकऱ्याला वाटे, हा व्यापाऱ्याचा माणूस. व्यापाऱ्याला वाटे, हा शेतकऱ्यांना सामील. माझा बाप त्याच बाजारात हमाल होता. जेवताना तो सांगायचा, "शालिक मानूस चांगला हाये. पन मापाडी हाये." त्या 'पन'वर तो जरा थांबायचा.

काकांनी स्वतः मला एकदा या धंद्याचं मर्म सांगितलं होतं. "सारे काट्याकडे पाह्यते. मी हाताकडे पाह्यतो. काटा खोटं बोलत नाई, हात बोलते. अन् व्यापाऱ्याच्या घरच्या काट्यावर माल कधी तोलू नये, मंग तो सख्खा भाऊ का असेना."

तेव्हा, म्हणजे नव्वद सालाच्या आसपास, ते इतके बारीक होते की कापसाच्या ढिगाशेजारी दिसत नसत. खाणं मात्र दांडगं. पंगतीत वाढपी थकून जात आणि काकांचं पान रिकामंच. एवढं अन्न जातं कुठं, असं सगळे विचारत. काका म्हणत, "माह्यात तूट लय येते."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी संकोचून सांगत नाही, आम्हाला ते फुकट मिळालेलं नाही. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आईने गल्लीत साखर वाटली. काका आले, साखर तोंडात टाकली आणि गुणपत्रिका मागितली. ओट्यावर बसून त्यांनी बोटांवर सगळ्या गुणांची बेरीज केली. मग उलटीकडून पुन्हा केली. मला राग आला होता. बेरीज जुळली तसे ते उठले आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "पोरगी खरी बी.ए. हाये!" त्या दिवसापासून मी त्यांची 'बीएवाली' झाले.

पुढे बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले. लाल आकडे आपोआप उमटू लागले, ओरडणाऱ्याची गरज उरली नाही. काका महिनाभर त्या पेटीकडे संशयाने पाहत राहिले. "सुई दिसत नाई, दांडी दिसत नाई. याचा हात कुठं असन?" मग ते घरी बसले. बाजारात त्यांची चौकशी कुणी केली नाही. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवू लागले होते. येता-जाता ते ओट्यावर दिसत, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत.

त्यांचा भाचा नितीन बसस्टँडजवळ सायबर कॅफे चालवायचा. एकदा कुणाच्या तरी शेतात नवसाच्या रोडग्यांचं जेवण होतं. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात कुस्करून वांग्याच्या भाजीशी खायचे. दोन रोडग्यांत धडधाकट माणूस हात टेकतो. काका खातच राहिले आणि नितीनने ते मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकलं. काही दिवसांनी तो धावत आला. व्हिडिओ परदेशात पाहत होते आणि खाली इंग्रजीत बरंच काही लिहून आलं होतं. वाचायला मला बोलावलं.

कॅफेतल्या डगमगत्या स्टुलावर काका बसले होते, मी स्क्रीनसमोर.

"काय म्हन्ते वो?"

"एक जण लिहितो, असा खाणारा माणूस पाहिला नाही."

"कुठचा हाये?"

"माहीत नाही. फोटोच्या जागी मांजर आहे."

"मंग बरोबर हाये. मांजरीले तूप दिसलं असन!" काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच ढिगात आणखी एक वाक्य होतं. हा माणूस जाड झाला तर पाहायला किती मजा येईल. नितीनने ते पकडलं. "मामा, वजन वाढवा. सेलूत बसल्या बसल्या सारं जग पाहीन तुमाले."

आणि काकांनी खरोखर वजन वाढवायला घेतलं. सकाळी दुधात केळी, दुपारी तूप-रोडगे, संध्याकाळी जिलेबी, वर नितीनने नागपूरहून आणलेली कसली तरी पावडर. सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनिंगमधला जुना तोलकाटा नितीनने कॅफेमागे आणून ठेवला. दर महिन्याला काका त्यावर बसत आणि बाजारातल्या आवाजात आपलं वजन आपणच पुकारत. मापाडी पहिल्या तोलाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. ज्या दिवशी ते क्विंटलभर भरले, त्या दिवशी त्यांनी हात वर करून "लाभ!" अशी आरोळी ठोकली. जमलेल्यांनी शिट्ट्या वाजवल्या. तो व्हिडिओ म्हणे रशियातही पाहिला गेला. हे नितीनचं म्हणणं, खरंखोटं त्यालाच ठाऊक.

नागपूरहून पोरं मोटारसायकलींवर येऊन त्यांच्यासोबत फोटो काढू लागली, नितीनचा कॅफे भरू लागला. हलवाई आता पुडा घरपोच पाठवायचा. काकांचे गाल डोळ्यांवर चढले, घरची बाज मोडली, लोखंडी पलंग आला. पायांवर सूज दिसू लागली. सुमनकाकू मात्र व्हिडिओत एकदाही आल्या नाहीत. दारातून त्या नवऱ्याला ऐकवत, "पोळ्याच्या बैलाले बी सालातून एकच दिवस चारते-सजवते. तुमचा तं रोजच पोळा हाये."

काका म्हणत, "बैलाले इचारते का कोनी, कसं वाटते म्हनून? मले इचारते."

कोण विचारतंय, हाच माझा प्रश्न होता. मी ते सगळं वाचत होते, त्यामुळे माझ्या मनात किडा वळवळू लागला होता. कौतुक करणारे हळूहळू कमी झाले होते. राहिलेल्यांना नाव नव्हतं, चेहरा नव्हता. त्यांच्या मागण्या वेगळ्याच होत्या. पाय जवळून दाखवा. उभं राहताना धाप लागते, तो आवाज नीट ऐकू येऊ द्या. शेवटी एक वाक्य आलं आणि माझी जीभ अडली.

"थांबली काऊन? वाच."

मी जसं होतं तसं मराठीत सांगितलं, "हा माणूस ज्या दिवशी उठू शकणार नाही, त्या दिवसाची मी वाट पाहतोय."

काका म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांनी मान हलवली आणि नितीनला हाक मारली. "तू वाच बरं हे."

नितीन पुढे आला. "मामा, तो म्हन्ते, तुमी उठूच नका. आराम करा. त्याले तुमची काळजी वाटून राह्यली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पेढ्याच्या पुड्याकडे पाहायचे तसंच. "बीएवाली, जळते का वो तू माह्यावर?"

मला ते लागलं. मी सरळ बोलले, "काका, व्यापाऱ्याच्या घरच्या काट्यावर माल तोलू नये, हे तुम्हीच सांगितलं होतं. हा कॅफे कुणाचा आहे?"

"तो भाचा हाये माहा," ते म्हणाले. "तू शेजारची."

त्यानंतर मला वाचायला बोलावणं आलं नाही. मीही गेले नाही. गल्लीतून जाताना ते खिडकीतून दिसत, कारण आता ओट्यापर्यंत येणं त्यांना जमत नव्हतं. पायाला जखम झाली आणि रक्तातल्या साखरेने ती भरेना. डॉक्टरांनी खाणं कमी करायला सांगितलं. काकूंनी रोडगे बंद केले, तर नितीन बाहेरून आणून भरवू लागला. काकूंनी त्याला खराट्याने हाणल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काकाच मध्ये पडले, "राहू दे सुमन, लोक वाट पाहून राह्यले असन."

मग ते खरंच उठेनासे झाले. काकूंनी मला बोलावून घेतलं. काकांच्या पलंगाजवळ बसले तेव्हा खोलीत औषधाचा वास होता आणि ते डोळे मिटून श्वास गोळा करत होते.

"बीएवाली, तुयं वाचन बरोबर होतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगाले काय पाह्यजे? नितीन वाचे तवा त्या कॅफेतल्या टीव्हीकडे पाहतच नव्हता. माह्याकडे पाहून वाचे. मी हात पाहनारा मानूस. मले तवाच समजलं."

"मग मला जळते म्हणालात ते?"

"खरं म्हटलं असतं तं थांबा लागलं असतं." त्यांनी डोळे उघडले. "पोरी, उभा जलम काट्यामागं गेला. मालाकडे सारे पाहे. माह्याकडे पाहे ते चोर समजून पाहे. आता वाईट नजरेनं का होईना, पाहून तं राह्यले होते."

मी चिडून म्हणाले, "आम्ही पाहत नव्हतो का? मी रोज याच दारावरून जाते."

"तू पाहे. पन तुले मी सवयीचा होतो वो." एवढं बोलून त्यांना धाप लागली. काकू पाठ चोळायला धावल्या.

ते पावसाळ्याच्या शेवटी गेले. तिरडी पेलणार नाही म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली आणावी लागली. बाजारातले हमाल न बोलावता आले आणि कापसाचे बोजे पेलणाऱ्या खांद्यांनी त्यांना ट्रॉलीत ठेवलं. माझा बाप त्यात होता. नितीन ओक्साबोक्शी रडला. ते रडणं खरं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे त्याने कॅफे बंद केला. व्हिडिओ तेवढे तिथेच राहिले. त्याला ते काढता येत नव्हते की काढायचे नव्हते, देव जाणे.

काही दिवसांनी सुमनकाकू माझ्या घरी आल्या. "मी आयकलं, ते लोक अजूनबी 'खा, खा' म्हनून राह्यले. मानूस गेला, असं इंग्रजीत लिहून दे ना वो त्याईले."

मी त्यांना घेऊन दुसऱ्या एका कॅफेत गेले आणि शेवटच्या व्हिडिओखाली लिहिलं. हे गृहस्थ वारले. त्यांची पत्नी विनंती करते, आता थांबा.

आठवड्याने पुन्हा पाहिलं तर खाली उत्तर होतं. काकू माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. "काय म्हन्ते?"

मी वाचलं, "खोटं आहे. आधी प्रेताचा फोटो दाखवा."

काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि स्क्रीनकडे बोट करून म्हणाल्या, "लिही. म्हन, दार उघडं हाये. सेलूले या. चहा घ्या, त्याईचा पलंग पाहा, माह्या मोकळ्या गळ्याकडे पाहा, अन् मंग सांगा खरं का खोटं."

मी एकही शब्द न गाळता ते इंग्रजीत लिहिलं. गावाचं नाव घातलं, बसस्टँडवरून गल्लीपर्यंतची वाट लिहिली. त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.