दुसरं प्रपंच युद्ध

"शब्द, शब्द!" म्हणत तो डोळे मिटायचा आणि तर्जनी वर करायचा. ते बोट वर गेलं की समजावं, उत्तर बरोबर असूनही आपण मेलो.

पुण्याहून बदली होऊन तो आमच्या देवराज मोहल्ल्यातल्या ऑफिसात आला. जगाचा इतिहास याच्या तीर्थरूपांनी घडवला असावा, असा तोरा! माझ्या तोंडात इडली असताना विचारायचा, "नेपोलियन कुठे वारला?"

"त्या हेलेना बेटावर."

"सेंट हेलेना! शब्द, शब्द!"

अरे बाबा, मेला ना तो? मग मला खाऊ दे की.

आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांची बोली म्हणजे त्याची फुकटची करमणूक. कुणी "लवकर चल"ऐवजी "बेगा बेगा चल" म्हटलं की हा खो-खो हसणार. आमचे पूर्वज इथे शिपाईगिरीला आले, तेव्हापासून आमची मराठी कानडीच्या शेजारी राहते. शेजारणीचा थोडा वास लागणारच!

गणपतीत मंडळाची प्रश्नमंजूषा यानेच सुरू केली. टेबलावर पितळी घंटी, मागे हा. समोर माझी अक्का. हिनकलच्या कानडी शाळेत ती इतिहास शिकवते. फ्रेंच राज्यक्रांती झाली, लिंकन झाला, शेवटचा प्रश्न आला. "जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि काय सुरू झालं?"

अक्का उभीच राहिली. "दुसरं प्रपंच युद्ध!"

कानडीत प्रपंच म्हणजे जग. वर्गात ती रोज तेच म्हणते. पण बोट वर गेलं.

"शब्द, ताई, शब्द! प्रपंच म्हणजे घरसंसार. आणि दुसरा प्रपंच म्हटला की युद्ध व्हायचंच, नाही का?"

नवे आलेले चार लोकच हसले. अक्काच्या नवऱ्याने तिला टाकून बेट्टदपुरला दुसरा प्रपंच थाटलाय, हे आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं? यालाही ठाऊक होतं! आमच्याच घरी जेवताना "जावई दिसत नाहीत?" म्हणून विचारलं होतं मेल्याने, आणि आईने वाढता वाढता सगळं सांगितलं होतं.

घंटी वाजली. "उत्तर चूक."

दुसऱ्या दिवशी मी त्याला ऑफिसात गाठलं. "अक्काची माफी मागा."

"अहो, विनोद होता तो. पण चुकीचा शब्द तो चुकीचाच."

मुस्काटात द्यावीशी वाटली. अजून वाटते.

यंदा त्याची बदली झाली. निरोपाच्या चहाला मी गेलो नाही. घंटी मंडळातच राहिली. गणपती जवळ आले तसं मी अक्काला म्हटलं, "तो गेला आता. या वर्षी प्रश्न तूच विचार."

ती शेंगा निवडत होती. "बेडप्पा," म्हणाली. नको रे बाबा. मग कानडीतच विचारलं, जेवायला वाढू का.

हल्ली घरात असंच चालतं. मी मराठीत बोलतो, ती कानडीत उत्तर देते. त्या दिवशी आईला राहवलं नाही. "अगं, आपल्या भाषेत बोल की."

"शब्द चुकतात, आई," अक्का म्हणाली.

त्या गणपतीपासून तिच्या तोंडून ऐकलेली मराठी तेवढीच.