तांदळाच्या डब्यातली डिस्क

आमच्या नात्यात आज जो तो सांगतो की, कळंबच्या माझ्या धाकट्या बहिणीची डिस्क तांदळात ठेवल्यामुळे सुधारली. ही कथा साफ खोटी आहे. तांदळाने ती सुधारली नाही आणि बिघडवलीही नव्हती.

डिस्कवर आमच्या आईने म्हटलेली भातलावणीची गाणी होती, शिवाय नात्यातल्या लग्नांची रेकॉर्डिंगे. आई गेल्यावर बहीण ती ऐकू लागली, तर मधेच आईचा आवाज तुटून कुठल्याशा लग्नातली वाजंत्री सुरू होई. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून तिने डिस्क तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. हे कळताच मी कर्जतहून फोनवरच निकाल दिला: कोंडा आत गेला, डिस्क संपली. उभा जन्म प्रोग्रॅम लिहिण्यात घालवलेल्या माणसाचा शब्द कोण खोडणार? मेव्हणे तेव्हापासून चारचौघांत तिला विचारीत, "माझ्या सासूला भातात शिजवलंस ना गं?" ती कधी हसली नाही.

यंदा एका अनोळखी माणसाचे पत्र आले. डिस्कवरच्या फाइली वाचून देणारा माझा प्रोग्रॅम मी सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तो एका फाइलीत दुसरीचा मजकूर मिसळतो, अशी त्याची तक्रार होती. त्याला खडसावण्यासाठीच मी माझा कोड उघडला. मोठी फाइल डिस्कवर तुकड्यांनी विखुरलेली असते. एक तुकडा संपला की पुढचा शोधून तिकडे वळावे लागते. मी 'टोक ओलांडले का' एवढेच तपासले होते, 'टोक गाठले का' हे नाही. वाचन नेमके टोकाशी थांबले, तर प्रोग्रॅम न वळता सरळ शेजारच्या फाइलीत शिरत होता.

वाजंत्री.

बहिणीचा संगणक मीच बसवून दिला होता, त्यात हाच प्रोग्रॅम होता.

दुरुस्ती एका चिन्हाची. दुसऱ्या दिवशी कळंबला जाऊन दुरुस्त प्रोग्रॅम टाकला आणि तीच डिस्क लावली. आईचे गाणे शेवटच्या ओळीपर्यंत सलग वाजले. मेव्हणे म्हणाले, तांदळाने ओल शोषली असणार. चूक माझी होती, हे मी तिथल्या तिथे बजावले. ते मला सांभाळून घेत होते. अशी मेहेरबानी मला नको.

बहीण डिस्क पदराने पुसत होती. "दादा," ती म्हणाली, "तवाच एकदा हातात घेऊन बगायची व्हती."

तेव्हा मी ती फोनवरूनच मोडीत काढली होती. म्हणून निदान तांदळाची कथा तरी मी माझ्यासमोर कुणाला सांगू देत नाही.