भुताला पोलीस लागत नाहीत

दहिवलीत चंद्राबाईच्या घरी टीव्ही बघायला बसणं सोपं नाही. पडद्यावरचं भूत परवडलं, पण शेजारी बसलेली चंद्राबाई परवडत नाही, असं तिचा नवरा भिवाजी म्हणायचा. तसं म्हणायचा त्याला अधिकारही होता, कारण त्याच्या आवडीचा एकही भुताचा पिक्चर तिनं त्याला धड बघू दिला नव्हता. खोपोलीच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसाला दुसरा शौक तो काय राहिला होता? पण पांढऱ्या साडीतली बाई केस मोकळे सोडून जिन्यावर उभी राहिली की चंद्राबाईचं तोंड सुरू झालंच म्हणून समजा.

"हिला मारली कोनी ते दाखवा आदी," ती टीव्हीलाच सुनावायची. "मेली ही, आन भ्यायचं पन हिलाच? ज्यानं मारली तो बगा कसा सोफ्यावर बसून चाय पितोय."

"अगं, पिक्चर हाय तो."

"मंग भुतं बायांचीच का वो होतात? बापये काय मरत नाय?"

भिवाजी रिमोट उचले. तो आवाज वाढवे, ती त्याच्याहून वाढवे, आणि शेवटी तो रिमोट टाकून ओट्यावर जाऊन बसे. भुताच्या पिक्चरबद्दल चंद्राबाईचं मत एकदा झालं ते झालं. जिच्यावर अन्याय झाला तिच्याच नावानं लोकांनी थरथर कापायचं, आणि मांत्रिकानं तिला बाटलीत कोंडलं की टाळ्या वाजवायच्या, असला उफराटा न्याय तिनं दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला होता. म्हणून तर चीड होती.

गुन्ह्याच्या मालिकांवर मात्र तिचा जीव. दुपारची जेवणं उरकली की जुने भाग परत लागतात, ते ती वाल सोलता सोलता बघते. याचा अर्थ ते सगळं तिला खरं वाटतं असा कोणी काढू नये. इन्स्पेक्टरच्या बुटाला चिखल कसा लागत नाही, हे तिनं कधीच हेरलेलं आहे. मेलेल्या पोरीची आई दोनदा रडते आणि पुढं कुठं गायब होते, तेही. सगळ्यात जास्त हसू तिला शेजाऱ्यांचं येतं. मालिकेतल्या शेजाऱ्यांना सगळं आठवतं, कोण आलं, कुठल्या रंगाची गाडी होती, वरच्या मजल्यावर भांडण कधी झालं. खऱ्या गावातल्या शेजाऱ्यांना विचारा, सगळे नेमके तेव्हाच गुरं बांधायला गेलेले असतात. तरीपण ती बघते, कारण भाग संपायच्या आत कोणाच्या तरी हातात बेड्या पडतात. तेवढ्यासाठी ती बाकीचा सगळा खोटेपणा गोड मानून घेते.

तिची लेक श्रद्धा खोपोलीच्या अलीकडं एका गावात दिली होती. जावयाचं नाव नवीन, कारखान्यात पर्मनंट, घर स्लॅबचं, परसात स्वतःची विहीर. पोरगी माहेरी आली की दोन दिवस बोलायची नाही, मग एकदा बोलली की तो हात उचलतो. सगळ्या आया म्हणतात तेच तिची आई म्हणाली, निभावून घे. आणि एका अमावास्येला भर दुपारी निरोप आला की श्रद्धा विहिरीत पडली.

उल्हास नदीच्या डोहात गुरांबरोबर पोहत वाढलेली पोर ती. परसातल्या विहिरीत बुडते? हा प्रश्न चंद्राबाईच्या मनात विहिरीच्या काठावर पोचेपर्यंत होता. काठावर गावचा भगत आधीच हजर होता आणि त्याच्याकडे उत्तर तयार होतं. अमावास्या, भर दुपारची वेळ, बाई एकटी पाण्यावर. साती आसरांनी नेली. पाण्यातल्या त्या सात जणींनी एकदा धरलं की पोहणं कामाला येत नाही. श्रद्धाच्या दंडावर काळेनिळे वळ होते, चार बोटं आणि एक अंगठा. भगतानं ते सगळ्यांना दाखवले. म्हणाला, ही बघा आसरांची खूण, देवाघरची आहे, उघडी ठेवू नका.

सासूनं हळदीकुंकवाचा करंडा आणला. आईच्या हातनं लागलं पाहिजे म्हणाली. आणि चंद्राबाईनं रडत रडत लेकीच्या दंडावरच्या त्या बोटांना हळद लावली, वर कुंकू लावलं, आणि डोकं टेकलं. पोलीस आले तेव्हा दंड पिवळाजर्द झाला होता. हवालदारानं विचारलं हे काय, गाव म्हणालं देवीचं आहे, हवालदारानंही हात जोडले. दवाखान्याच्या कागदावर बुडून मृत्यू असं आलं. ते खोटं नव्हतं, पोरगी बुडूनच मेली होती. कशी बुडाली हे कुणी विचारलं नाही.

दोनएक वर्षांनी एका दुपारी, वाल सोलताना, मालिकेत एका बाईचा दंड दाखवला. तशीच चार बोटं, तसाच अंगठा. इन्स्पेक्टरनं आपला पंजा त्या वळांवर धरून दाखवला आणि म्हणाला, हे माणसाचं काम आहे. चंद्राबाईच्या हातातला वाल तसाच राहिला. भिवाजीला ती एवढंच म्हणाली, "आसरांना अंगठा असतो का वो?" त्याला कळलं. तो उठून बाहेर गेला, आणि त्या दिवसापासून त्या घरात भुताचा पिक्चर शेवटपर्यंत चालला नाही.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगून काय दाखवणार होती? लेक जळली, वळ जळले. ती घरात बसून टीव्हीशी भांडत राहिली, आणि लोक म्हणत राहिले, म्हातारीला बरा नाद लागलाय.

यंदा दिवाळीनंतर मात्र गप्प बसायची सोय राहिली नाही. तिच्याच आळीतली शेवंता पेढे घेऊन आली. तिच्या लेकीचं, भाविकाचं, लग्न एकदा ठरलेलं मोडलं होतं, तेव्हापासून शेवंताच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता स्थळ आलं होतं, बिजवर होता, पण पर्मनंट. श्रद्धाचाच नवरा, नवीन.

"तुमाला वाईट वाटंल म्हनून आदी तुमच्याकडंच आले," शेवंता म्हणाली.

चंद्राबाईनं पेढा हातात घेतला नाही. दार लोटून घेतलं, शेवंताला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. वळ सांगितले, अंगठा सांगितला, तो हात उचलतो हे श्रद्धानं स्वतः सांगितलेलं सांगितलं. जन्मात एवढं ती सलग बोलली नव्हती.

शेवंतानं ऐकून घेतलं. मग पेढ्यांचा डबा बंद केला.

"मंग तवा का नाय बोललात?"

"तवा मला कळलं नाय."

"तुमीच तर हळदकुंकू लावलंत. साऱ्या गावानं बगितलं."

"लावलं. चुकले मी."

"आन आता कळलं ते कशावरून? शिरेलीवरून?" शेवंता उठली. "चंद्राबाय, तुमची लेक गेली, मला कळतं. पन रोज खूनच बगनाऱ्या बाईला जिकडंतिकडं खूनच दिसनार. माझ्या पोरीचं परत मोडू नका, पाया पडते."

आणि खरंच पाया पडली. आता पाया पडलेल्या बाईला काय बोलायचं? वास्तविक चंद्राबाईनं आयुष्यात भातशेती केली होती, दोन माणसांची आजारपणं काढली होती, लेकीचं मढं उचललं होतं. पण गावाच्या लेखी ती आता सीरियल बघणारी म्हातारी होती, आणि तिचं म्हणणं जाहिरातींच्या मधे लागतं तसलं काहीतरी होतं. भिवाजीही म्हणाला, "जाऊ दे, ऐकनार नाय कोनी." तिला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं.

तिनं भाविकाला गाठायचा प्रयत्न केला. भाविका कर्जतला एका औषधाच्या दुकानात कामाला होती. चंद्राबाई दुकानात गेली तर पोरगी आतल्या खोलीत निघून गेली. रस्त्यात भेटली तर आई बरोबर. घरात गेली तर चहा मिळाला, पोरगी दिसली नाही. लग्न पळसदरीच्या हॉलमध्ये लागलं, त्याची पत्रिकाही तिच्याकडे आली नाही.

बोलावणं आलं ते लग्न झाल्यावर, आणि ते सासरकडून. त्या घराण्याची रीत होती की दुसरेपणावर आलेल्या सुनेच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायचा, म्हणजे पहिली नव्या सुनेला छळत नाही. आणि तो पहिलीच्या आईच्या हातनं घातला तर फारच उत्तम. भिवाजी म्हणाला, जाऊ नको, तोंडात शेण घातल्यासारखं आहे. चंद्राबाईनं इस्त्रीचं लुगडं काढलं. तिला एवढंच दिसत होतं की ज्या पोरीला कोणी तिच्याजवळ येऊ देत नव्हतं, तिच्या कानाशी आता तिचं तोंड जाणार होतं.

घर तेच, परस तेच. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली होती. भाविका पाटावर बसली होती, हिरवा चुडा भरलेला, डोळे खाली. शेजारच्या पाटावर नवीन. तो चंद्राबाईच्या पाया पडला, आणि तिनं काय आशीर्वाद दिला ते तिचं तिलाच कळलं नाही.

टाक काळ्या दोऱ्यात ओवलेला होता. गाठ मारायला ती भाविकाच्या मागं वाकली आणि गाठ मारता मारता कानात म्हणाली, "बाय, माझी लेक तुला काय करनार नाय. ती कोनाला काय करनारी नव्हती. शेजारी बसलाय त्याच्यापास्नं जप. त्यानं हात उचलला तर त्याच पावली निघ, माज्याकडं ये. मी हाय."

भाविकानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. पोरीचं तोंड पांढरं पडलं होतं. क्षणभर चंद्राबाईला वाटलं, पोचलं.

"आई म्हनली होती," भाविका पुटपुटली, "तुमी असं बोलाल. ते तुमी नाय बोलत. ती बोलते तुमच्या तोंडून, सवत." आणि हात जोडून, चंद्राबाईच्या डोळ्यांत बघत, पण चंद्राबाईशी नाही, म्हणाली, "श्रद्धाताई, मी तुमचं काय वाईट केलं नाय वो. मला सोडा."

मग ती पाटावरून सरकली आणि नवीनचा दंड घट्ट धरून बसली.