शेवटच्या ओळीतलं नाव

दसरा होऊन आठवडा झाला होता. आदिलाबादेला लागून असलेल्या मावला गावातल्या घरी, पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटाला लागून असलेल्या बाकावर रामाजी मास्तरांनी चार स्पीकर मांडले होते. कडेला काळी जोडी, आत तपकिरी. दोन्ही पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढ्याच. काळी खोकी जरा उंच, त्यांच्या जाळीमागचा मोठा गोल पडदा तळहाताएवढा. तपकिरी बुटकी आणि हलकी. हैदराबादेत नोकरीला असलेल्या मुलाने, हर्षदीपने, दोन्ही जोड्या मागवून पाठवल्या होत्या आणि फोनवर बायकोला, प्रतिभाला, सांगितलं होतं, "दहा दिवसांत एक ठेवा, एक वापस करा. बाबांना म्हणावं, निवांत ऐका आणि ठरवा."

प्रतिभाने निरोप सासऱ्याच्या तोंडासमोर उभं राहून मोठ्याने सांगितला. रामाजी म्हणाले, "ऐकता आलं असतं तर ठरवाले दहा दिवस कायले पायजेत?"

त्यांचं वय एक्काहत्तर. उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला, डावा जात होता. नागपूरच्या डॉक्टरने कागदावरची उतरती रेघ दाखवली होती. जाड आवाज अजून पोचतात, बारीक पोचत नाहीत. उन्हाळ्यापर्यंत किती उरेल ते सांगता येत नाही. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने ते आपल्या परीने समजून घेतलं. स्वर येतात, व्यंजनं येत नाहीत. कोणीतरी 'आ' म्हणतं एवढं कळतं. तो 'का' आहे, 'ता' आहे की 'सा', ते समोरच्याच्या ओठांवर वाचावं लागतं.

कपाटात एक्केचाळीस कॅसेट्स होत्या, आणि कॅसेटला ओठ नसतात.

रामाजी पेनगंगेकाठच्या आपल्याच गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेवर मास्तर होते. त्यांची आई दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला, तण खुरपायला, जायची. तिच्यासोबतच्या बाया कपाशीच्या ओळीत बसून, हातातला विळा न थांबवता, गाणी म्हणायच्या. एकीने जुळवायची, बाकीच्यांनी उचलायची. नदीच्या पुराची, माहेराची, बाबासाहेबांची, मुकादमाच्या चपलेची. पस्तिशीतल्या रामाजींनी टेप रेकॉर्डर घेतला आणि नऊ पावसाळे दर रविवारी ते धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन बसले. पुढे तणनाशकाचे डबे आले. निंदण गेलं, आणि त्याच्या मागे गाणीही गेली. त्या बायांच्या सुनांना त्यातलं एक येत नाही. रामाजी दोनदा गावात जाऊन विचारून आले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी कॅसेट्स वहीत उतरवायला घेतल्या. सत्तावीस झाल्या. चौदा राहिल्या तेव्हा कान गेला.

शब्द थोडेफार गाळले गेले असते तरी त्यांनी मन मारून सहन केलं असतं. अडचण नावांची होती. त्या बायांची एक रीत होती. जिने गाणं जुळवलं तिने शेवटच्या ओळीत आपलं नाव आणि गाव घालायचं. नाव घातल्याशिवाय गाणं पुरं होत नसे, आणि दुसरीचं गाणं म्हणताना तिचं नाव बदललं तर भांडण होई. म्हणून रामाजींनी कॅसेटवर कधी गाणारीचं नाव लिहिलंच नाही. कव्हरवर त्यांच्या सुबक अक्षरात एवढंच आहे: बारा ऑगस्ट, कपाशी, दुसरं निंदण. नाव गाण्यातच आहे, वरून परत कशाला लिहायचं? पस्तिसाव्या वर्षी हे बरोबर वाटलं होतं.

आता त्या चौदा कॅसेट्समध्ये ऐंशी-नव्वद गाणी होती आणि कोणतं कोणाचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. नाव नसलं की गाणं 'लोकगीत' होतं, छापणारे खाली 'अज्ञात' लिहितात, हे रामाजींना ठाऊक होतं. त्या बाया अज्ञात नव्हत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांनी रामाजींना लहानपणी कडेवर घेतलं होतं.

बाकीचे उपाय करून झाले होते. हेडफोन लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारायचं. यंत्र काढलं की हेडफोन मुका. हर्षदीपने एका कॅसेटचा आवाज मोबाइलच्या कुठल्याशा ॲपला ऐकवला, तेव्हा ॲपने त्या बायांच्या तोंडी रेल्वेस्टेशनवरची हिंदी सूचना वाटावी असं काहीतरी घातलं. जुन्या टेपमधला स्पीकर फाटका. शेवटी हर्षदीप म्हणाला होता, चांगले स्पीकर लावून पाहू.

पहिल्या दिवशी रामाजींनी परीक्षेच्या शिस्तीने काम सुरू केलं. हर्षदीपच्या कॉलेजच्या दिवसांतला ॲम्प्लिफायर होता, त्याच्या बटणाने एकदा ही जोडी, एकदा ती जोडी चालू करता येई. खुर्ची बाकापासून चार फुटांवर. आवाज तेवढाच. वहीत दोन रकाने आखले: काळी, तपकिरी. एकोणिसावी कॅसेट लावली, तिचा आवाज सगळ्यांत स्वच्छ म्हणून. पंचवीस ओळी ऐकायच्या, कळलेल्या ओळीपुढे खूण करायची.

काळ्या जोडीतून भरदार आवाज आला. बायांच्या मागे वाहणारं वारं, बैलाच्या गळ्यातली घाटीसुद्धा असल्यासारखी वाटली. पंचवीसपैकी तेवीस. तपकिरीचा आवाज बारीक, कोरडा, डब्यातून आल्यासारखा. पंचवीसपैकी एकवीस.

प्रतिभा शाळेतून आली तेव्हा सासरे दारात उभे होते. गेल्या वर्षभरात ते असे दारात आलेले नव्हते.

"काळी पास झाली!" ते म्हणाले. "तेवीस मार्क. तपकिरी बांधून ठेव. वापस करून टाक."

ती आदिलाबादच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवायची. वडिलांच्या बदल्यांमुळे करीमनगरला वाढलेली. घरात मराठी होती, पण वावरातली नव्हती. तिने तपकिरी जोडी थर्मोकोलसकट खोक्यात घातली, चिकटपट्टी लावली आणि परत नेणाऱ्या कुरिअरवाल्याला परवासाठी मोबाइलवरून कळवलं.

दुसऱ्या दिवशी रामाजींनी अठ्ठाविसावी कॅसेट लावली. न उतरवलेल्यांपैकी पहिली.

प्रतिभा आली तेव्हा ते खुर्चीवर नव्हते. बाकासमोर जमिनीवर बसून त्यांनी डावा कान काळ्या स्पीकरच्या जाळीला लावला होता. आवाज एवढा की खिडकीचं तावदान थरथरत होतं आणि शेजारच्या जयवंताबाई कुंपणापाशी उभ्या राहून ओरडत होत्या, "पोरी, तुया सासऱ्यानं मंडप घातला काय घरात? कोनाचं लगन हाय?"

तिने बटण फिरवलं. वहीत आजची तारीख होती, पंचवीस आकडे होते आणि एकाही आकड्यापुढे खूण नव्हती.

"काल तर समदं येत होतं," रामाजी म्हणाले. "एका रात्रीत गेला काय कान?"

प्रतिभाने वही चाळली. कालची पानं पाहिली. मग कपाटातून जुनी वही काढली, त्यात एकोणिसावी कॅसेट शोधली. पंचवीसच्या पंचवीस ओळी तिथे आधीच लिहिलेल्या होत्या, रामाजींच्याच हातच्या, आठ वर्षांपूर्वीच्या.

ती त्यांच्या समोर मांडी घालून बसली. ओठ दिसतील अशी.

"मामाजी, ही कॅसेट तुमाले पाठ हाय."

"मंग?"

"मंग पेपर आधीच फुटला होता ना. तुमी ऐकलं नाई, तुमी आठवलं."

चाळीस वर्षं पोरांना कॉपी करताना पकडणाऱ्या मास्तरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. काळ्या जोडीला मिळालेले तेवीस मार्क त्यांचे स्वतःचे होते. तपकिरीला दोन कमी पडले ते तिचा आवाज त्यांना आवडला नाही म्हणून. कानाचा त्यात काही संबंध नव्हता. त्यांनी कालच्या पानावरचे दोन्ही आकडे खोडले. मग म्हणाले, "चिकटपट्टी काढ."

पुढचे चार दिवस त्या खोलीत जे चाललं त्याला तुलना म्हणणं कठीण आहे. प्रतिभाने नेणाऱ्याला पुढच्या सोमवारी यायला कळवलं आणि तपकिरी जोडी परत बाकावर आली. नवी कॅसेट, पाठ नसलेली. काळी: पंचवीसपैकी शून्य. तपकिरी: दोन, त्यातला एक अंदाज. स्पीकर कोपऱ्यात ठेवून पाहिले, भिंतीपासून दूर ओढून पाहिले, ज्वारीच्या पोत्यावर ठेवले. दोन्हींच्या मध्ये डोकं ठेवून ते आडवे झाले. कानातलं यंत्र पुसलं, सेल बदलला. एकाच ओळीवर पुढे-मागे करताना टेप अडकली आणि वीतभर फीत बाहेर आली. ती पेन्सिलीने गुंडाळताना त्यांनी तिला आणखी पीळ घातला, तेव्हा प्रतिभाने कॅसेट काढून घेतली. ते जेवेनासे झाले. फोनवर हर्षदीपने तिसरी जोडी पाठवू का विचारलं आणि प्रतिभाने ते समोर येऊन सांगितलं, तेव्हा रामाजी फोनवर ओरडले, "दुकान पाठवशीन तरी कान कोठून पाठवशीन?"

सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी चौदा कॅसेट्स पिशवीत भरल्या.

"कोठी चालले?" प्रतिभाने विचारलं.

"पेनगंगेत."

"काऊन?"

"कपाटात राहून तरी काय करून राह्यल्या? मेल्यावर तुमी भंगारात देसान. त्यापेक्षा जिथल्या हायेत तिथं जाऊ दे."

तिने पिशवी ओढून घेतली नाही. दाराला आतून कडी घातली, खुर्ची बाकासमोरून काढून आपल्या समोर ठेवली आणि त्यांना बसवलं. मग पिशवीतून अठ्ठाविसावी काढून लावली आणि काळी जोडी, मग तपकिरी, असं स्वतः ऐकलं. या आठवड्यात तिच्या कानांना कोणीच विचारलं नव्हतं, तिनेही नाही. काळीमध्ये वाऱ्याचा घरघराट शब्दांवर चढत होता. तपकिरीमध्ये आवाज कोरडा होता, पण शब्द सुटे येत होते.

"मले शब्द समजत नाईत," ती सासऱ्याकडे तोंड करून म्हणाली. "पण ऐकू येते. मी जसं ऐकते तसं म्हनते. तुमी पाहा."

तिने एक ओळ ऐकली, टेप थांबवली आणि मोठ्याने, एकेक अक्षर तोडत, पाढे म्हटल्यासारखी म्हटली. रामाजी तिच्या ओठांकडे पाहत होते. पहिल्या तीन ओळी गेल्या. चौथीला त्यांचा पेन हलला.

दोन तासांनी वहीत एक कडवं होतं:

पेनगंगेच्या पल्याड माहेराचा दिवा दिसे,
अल्याड मी निंदतो गं, मधी पानी वाहे कसे.

"आता शेवटची ओळ," रामाजी म्हणाले. "नाव."

प्रतिभाने टेप सोडली. ऐकलं. मागे घेतली. परत ऐकलं.

"मामाजी, पुढं नाई काई. खट् करते. मंग दुसरं गानं."

"नीट ऐक."

"खट् करते. कोनीतरी बटन बंद केलं."

ते कोणी बंद केलं हे सांगायची गरज नव्हती. आदिलाबादला कोऱ्या कॅसेट सहज मिळत नसत. एकीत जास्तीत जास्त गाणी बसावीत म्हणून शेवटची ओळ जवळ आली, आणि गाणारी तर समोरच बसलेली आहे, तिचं नाव काय माहीत नाही थोडंच, असं वाटलं की रामाजींचा अंगठा बटणावर जाई. हे ते विसरून गेले होते. आधीच्या सत्तावीस कॅसेट्समधली अशी गाणी उतरवताना, आवाज ओळखून, त्यांनी नावं स्वतःच भरली होती, इतक्या सवयीने की ती फितीवर नव्हती हे लक्षातही राहिलं नव्हतं. आवाज ओळखणारा कान आता नव्हता. वर्षभर ते स्पीकरमध्ये, यंत्रात, डॉक्टरच्या रेघेत जे शोधत होते, ते त्या फितीवर आलेलंच नव्हतं.

प्रतिभाने टेप पुढे पळवत नुसते शेवट ऐकले. दुसरं गाणं: खट्. तिसरं: खट्.

रामाजींनी पेनाला टोपण लावलं. "बंद कर," ते म्हणाले. "मीच पुसलं समद्याइले."

प्रतिभाने हात पुढे केला, पण टेप चालूच होती. चौथं गाणं संपत आलं होतं. खट् झालं, आणि लगेच परत खट्, आणि एक बाई भसाड्या आवाजात बोलायला लागली. गात नव्हती. प्रतिभा थबकली. तिने ते तीनदा ऐकलं. मग सासऱ्यासमोर वाकून, जसं आलं तसं, त्याच तोऱ्यात ओरडली:

"ये मास्तर! बटन दाबलं काय? नाव राह्यलं ना मायं! तुया मायले सांगीन. चालू कर!"

रामाजींचे डोळे तिच्या ओठांवर खिळले होते.

"आनि मंग गाते," प्रतिभा म्हणाली, आणि एकेक अक्षर तोडत सांगितलं: "राही म्हने, बायाहो, गाव मायं सांगवी."

रामाजींनी टोपण काढलं. 'राहीबाई, सांगवी' लिहिलं. अक्षर वाकडं आलं म्हणून खोडलं नाही. मग आधीच्या तीन गाण्यांना आकडे घालून, नावाच्या जागी, पट्टीने एकेक रेघ ओढली आणि प्रत्येक रेघेखाली बारीक अक्षरात लिहिलं: 'नाव होतं. मास्तराने टेप बंद केली.'

सोमवारी नेणारा आला तेव्हा प्रतिभाने काळी जोडी दिली. त्याने कारण विचारलं. त्याला ते मोबाइलवर भरावं लागतं.

"आवाज चांगला हाय," ती म्हणाली. "आमाले शब्द पायजेत."

आत रामाजी खुर्ची तिच्या जागेसमोर ओढून बसले होते. पाचवं गाणं लावलेलं होतं, आणि ते संपताना नाव येईल की खट्, याची त्यांना भीती वाटत होती.