सोमवारची दाढी

बाहेर मला मुंबईच्या विमानतळावर सोडणारी जीप उभी, टपावर माझ्या दोन बॅगा बांधलेल्या, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि पलूसच्या आमच्या दुकानात अण्णा, म्हणजे माझे वडील, सावकाश साबणाचा फेस करतायत. मी खुर्चीत, गळ्याला फडकं.

"आवं, गाडी उभी हाय," आई दारातून म्हणाली.

"असंल तर राहू दे. उभं राहायला तिचं काय जातंय?"

गिऱ्हाइकांची दाढी ते ब्लेड बदलायच्या साध्या वस्तऱ्यानं करायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी पत्र्याच्या डब्यातून आपला स्वतःचा जुना वस्तरा काढला. आजोबांपासून आलेला, घडी घालायचा, अखंड पोलादाचा. चामड्याच्या पट्ट्यावर तो उलटसुलट फिरवला आणि माझ्या गालाला लावला. खरं सांगतो, लागला हे कळलंसुद्धा नाही. फक्त कानाजवळ बारीक खरखर ऐकू आली. शेवटी तुरटी फिरवताना म्हणाले, "ह्येला कवा हात लावायचा न्हाई. लावलास तर हितंच येऊन बसशील."

हे वाक्य मी रांगतं पोर असल्यापासून ऐकत आलोय. त्यांनी मला झाडू दिला, आरसा पुसायला दिला, वस्तरा कधीच नाही. वाघाचा बछडा शेळ्यांत वाढावा तशी माझी गत. न्हाव्याचा मुलगा आणि वस्तरा धरता येत नाही, असं कुणाला सांगितलं तर हसतील.

तो वस्तरा एरवी फक्त सोमवारी निघायचा. सोमवारी दुकान बंद. शटर अर्धं खाली, आणि आत अण्णा आणि माझे चुलते, नाना, एकमेकांची दाढी करायचे. आधी नाना बसायचे, मग उठून खुर्ची पुसायचे, फडकं झटकायचे आणि अण्णांना म्हणायचे, "बस." आमच्यात न्हाव्यानं आपली दाढी आपण करायची रीत नाही, आणि ज्यानं करून घेतली त्यानं लगेच दुसऱ्याची करायचीच. एकदा घराच्या मधल्या भिंतीवरनं दोघांचं असं वाजलं की वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. घरात चुली वेगळ्या झाल्या. पण सोमवार एकही चुकला नाही! तोंड फुगवून एक बसायचा, तोंड फुगवूनच दुसरा त्याच्या गळ्यावरनं वस्तरा फिरवायचा, आणि "बस" एवढा एकच शब्द. मी अर्ध्या शटरखालून वाकून बघायचो. तेव्हा गंमत वाटायची. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

इकडं जर्मनीत मी कटिंग टूल्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. धार तपासणं हेच माझं काम. एसी खोली, पांढरे हातमोजे, मायक्रॉनमध्ये मोजणारं मशीन, स्क्रीनवर धारेचा डोंगराएवढा फोटो. अण्णा तेच काम अंगठ्याच्या नखावर करायचे. पहिली दोन वर्षं मला स्वतःचा लय अभिमान होता. मग एके दिवशी मशीन बंद पडलं, सगळे हात बांधून बसले, आणि माझ्या मनात आलं, अण्णांनी एव्हाना चार दाढ्या उरकल्या असत्या.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. मला जाता आलं नाही. त्यानंतर आईचा फोन आला की सुरुवात एकच, "अण्णा ऋषी झाल्यात नुसतं." अण्णांचे हात आता थरथरतात, दुकान बंदच आहे. स्टँडजवळच्या सलूनमधल्या पोरांनी घरी येऊन दाढी करतो म्हटलं, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "नानाच्या हाताखाली दिली हुती मान, आता कुणापुढं न्हाई," म्हणे. व्हिडिओवर त्यांचा चेहरा बघितला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना देखणं करणारा माणूस असा जटा वाढवून बसलेला! दिवाळीला मी जाणार होतो. ठरवलं, दाढी मीच करायची. आणि लगेच घाबरलो. एक तर वस्तऱ्यानं करता येत नव्हती, आणि ज्यांची करायची त्यांनीच मला वस्तऱ्याची बंदी केलेली.

इथं रविवारी नदीकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथं एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलावर सात-आठ वस्तरे मांडलेले. नवशिक्याचं काय होतं, नजर आधी मुठीवर जाते. हस्तिदंतासारखी पांढरीफेक मूठ, पात्यावर सोनेरी वेल, मी खिशात हात घातलाच होता. तेवढ्यात औंधची जत्रा आठवली. यमाईचं दर्शन झालं की अण्णा अवजारांच्या दुकानापुढं उकिडवे बसायचे. मडकं घेतल्यासारखं पात्याला नखानं टिचकी मारायचे आणि कानाशी धरायचे. मी तेच केलं. सोनेरी वेलवालं पातं ठप्प वाजलं. टोकाजवळ केसाएवढी चीर होती! असे एकूण पाच बाजूला ठेवले. सहावा काळपट, साधी शिंगाची मूठ. टिचकी मारली आणि तो असा गुणगुणला की बाईही मान वर करून बघायला लागल्या.

"माझ्या वडिलांचा," त्या म्हणाल्या. "दर रविवारी, चर्चला जायच्या आधी."

उजेडात धरलं तर पातं धारेकडं इतकं पातळ होत गेलेलं की नख दाबलं तर पोलाद पानासारखं वाकायचं. हे कुणी, कुठल्या हातांनी घासलं असेल? रोज धार बघणारा मी, पण तिथं बाजारात तोंड उघडं टाकून उभा राहिलो. पाठीवरचं अक्षर बोटांनी झिजून गेलेलं. कुणाच्या तरी वडिलांच्या गालावर उभा जन्म काढलेली वस्तू माझ्या हातात होती.

मग शिकणं सुरू झालं. फुग्याला फेस लावायचा आणि तो वस्तऱ्यानं अलगद काढायचा, एवढं दुकानात बघितलेलं. पहिल्या दिवशी चार फुगे फुटले. वैशाली, माझी बायको, आतून ओरडली, "बारसं आहे का कुणाचं?" मग स्वतःचा गाल. रीत मोडत होतो, पण दुसरा गाल आणू कुठनं? दोन महिने पट्ट्या लावून ऑफिसला गेलो. सप्टेंबरात एका सकाळी ती कानाजवळची बारीक खरखर ऐकू आली. तशीच, पलूसची. मी नळ बंद केला आणि ऐकत राहिलो.

आणि इथंच माती खाल्ली. नवरात्र आलं. खंडेनवमीला आई दुकानातले वस्तरे, कात्र्या पाटावर मांडून हळदकुंकू वाहायची, फुलं ठेवायची, वर लिंबू पिळायची, आणि दसऱ्यापर्यंत अवजाराला कुणी हात लावायचा नाही. मीही तसंच केलं. मनापासून केलं हो! ओलं हळदकुंकू, लिंबाचा रस, रात्रभर. दसऱ्याला फूल उचललं तर पात्यावर काळे डाग. अंगठ्यानं पुसले, मिठानं घासले, जाईनात. त्या जर्मन म्हाताऱ्यानं जन्मभर जपलेलं पोलाद मी पूजा करून एका रात्रीत खाल्लं. इथल्या एका धार लावणाऱ्या जर्मन आजोबांकडं नेला, तर ते विचारतात, हा पिवळा पदार्थ कुठला? काय सांगणार? त्यांनी धार परत आणून दिली, डाग मात्र राहिले.

दिवाळीला पलूसला गेलो. सण झाला आणि सोमवार आला. अण्णा अंगणात बसलेले. मी पुढ्यात वस्तरा ठेवला. त्यांनी आधी वस्तऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आईनं पदर तोंडाला लावला.

"मी काय सांगितलं हुतं?"

"हात लावायचा न्हाई म्हणून."

"मग?"

मी म्हटलं, "अण्णा, नाना न्हाईत आता. आज सोमवार हाय."

त्यांनी मग थरथरत्या बोटांनी पातं उघडलं, टिचकी मारून कानाशी नेलं. भुवया वर गेल्या. उजेडाकडं फिरवलं आणि थांबले.

"हळदकुंकू व्हय रं?"

मी मान खाली घातली. ते उठून आत गेले, पत्र्याचा डबा घेऊन आले आणि आपला वस्तरा माझ्या हातात दिला. मुठीजवळ, पात्याच्या मुळाशी, अगदी तसाच काळा डाग.

"माझी पयली खंडेनवमी," अण्णा म्हणाले. "तुझ्या आज्ज्यानं मला लय हाणलं. आदी खोबरेल चोपडायचं, गड्या. आन् कुंकू मुठीला. पाटावर मांडायच्या आदीच आमी त्याल लावायचो, तुला कवा दिसणार?"

आणि ते हसले. नाना गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, असं आई नंतर म्हणाली.

मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं. ज्या खुर्चीत मला बसवून त्यांनी निरोप दिला होता, तिच्यात ते बसले, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. गळ्याची शीर उडत होती, तिच्यावर माझं पोलाद. मी वस्तरा तसाच धरून थांबलो. डोळे न उघडता ते म्हणाले, "वस्तरा आपल्या वजनानं चालतोय. तू फकस्त वाट दाव." मी वाट दाखवली. खरखर ऐकू आली. फेसाखालून हळूहळू माझे वडील बाहेर आले. इतका विश्वास कुणी कुणावर टाकू शकतं, हे मी त्या अर्ध्या शटरखाली लहानपणी बघितलं होतं. पण कळलं त्या दिवशी.

तुरटी फिरवली. अण्णा उठले. खुर्ची पुसली, फडकं झटकलं, आपला वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवला. हात लटलट कापत होता.

"बस," ते म्हणाले.

"आवं, हात बघा की आपला!" आई कळवळली.

मी बसलो. हनुवटी वर केली.

परत आल्यावर कारखान्यातल्या सोबत्यानं माझ्या हनुवटीखालची बारीक रेघ बघितली आणि विचारलं, हे कुठं लागलं?

मी म्हटलं, "घरी."