आपण कुठे होतो?

तिला क्लासमध्ये सगळे कात्री म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, नाव बरोबर बसलं होतं. स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन क्लास. सकाळी लाइव्ह तास व्हायचा आणि दुपारपर्यंत त्याचंच रेकॉर्डिंग चढायचं. ज्यांना सकाळी सवड ती मुलं लाइव्ह बसत. जी नोकरी करत किंवा घरातलं आजारपण सांभाळत, ती रेकॉर्डिंगवर भागवत. या दोघांच्या मध्ये बिनखिडकीची एक खोली होती आणि तिथे ही कानाला हेडफोन लावून बसलेली. लाइव्ह तासातला सगळा पालापाचोळा काढायचा. ‘आवाज येतोय का?’, ‘स्क्रीन दिसतेय का?’, खोकला, पाणी पिणं, नेट गेल्यावरची शांतता. उरेल ते असं जोडायचं की सांधा दिसता कामा नये. या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

या धंद्याने तिचे कान मात्र बिघडले. घरी आई काही सांगता सांगता आठवायला थांबली, की हिची बोटं मांडीवर आपोआप हलायची. “बाई गं, मला तरी कापू नकोस,” आई म्हणायची.

तीही एकेकाळी हीच परीक्षा द्यायची. पुन्हा पुन्हा दिली आणि दर वेळी थोडक्यात हुकली. शेवटचा निकाल लागला तेव्हा क्लास अजून खऱ्या वर्गात भरत होता, आणि ही मागच्या बाकावर एकटी बसून राहिली होती. गणिताचे सर फळा पुसायला आले, तिला बघून शेजारी टेकले. अपयश ही यशाची पायरी वगैरे त्यांनी काही ऐकवलं नाही. म्हणाले, “तू ऐकतेस छान. मधे बोलत नाहीस, घड्याळ बघत नाहीस. मालक आता ऑनलाइन सुरू करतायत, त्यांना माणूस हवंय. बोलू का?” ते बोलले आणि तिची नोकरी लागली. तेव्हापासून सरांसाठी ती काहीही करायला तयार होती, आणि तिथेच सगळं फसलं.

सुरुवात टाकीच्या गणितापासून झाली. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, दोन्ही उघडे ठेवले तर टाकी कधी भरेल? हे गणित सर झोपेतसुद्धा सोडवतील. त्या सकाळी त्यांनी पहिला नळ उघडला, बोर्डाकडे वळले आणि पेन हातात धरून नुसतेच उभे राहिले. मग कॅमेऱ्याकडे बघून हसले. “हं, तर आपण कुठे होतो?” मुलांनी लगेच चॅटमध्ये लिहिलं, ‘सर, टाकीत पडलात का?’ कात्रीला वाटलं, झोप झाली नसेल. तिने ती शांतता कापली आणि सांधा जुळवला.

मग असे सांधे वाढत गेले. कंजूष व्यापाऱ्याचा विनोद सर एकाच तासात पुन्हा सांगायचे आणि पुन्हा तितकंच हसायचे. एकच उदाहरण परत परत घ्यायचे. ती त्यातलं सगळ्यात चांगलं ठेवायची. मालकांचा नियम तिला माहीत होता. इंग्रजीच्या बाईंचा आवाज बसला, तर त्यांना पुढच्या महिन्यात घरी पाठवलं होतं. सरांचं असं होऊ द्यायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत ती पांघरूण घालत राहिली. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं!

लाइव्हवाल्या मुलांनी तक्रार केली, सर अडकतात. मालकांनी रेकॉर्डिंग लावून बघितलं. “कुठे अडकतात? पाण्यासारखं शिकवतायत. या पोरांना सकाळी उठायचा कंटाळा, दुसरं काय.” रेकॉर्डिंगखाली तर कौतुकाचा ढीग होता. मग मालकांनी डोकं चालवलं. रेकॉर्डिंग इतकं चालतंय, तर लाइव्हची बाजूही भक्कम करू, सरांचे लाइव्ह तास वाढवू. कात्री समोरच उभी होती. अळीमिळी गुपचिळी. आता तुम्हाला तिचा राग येईल. यावाच. मलाही येतो.

त्यानंतर लवकरच सर तिच्या खोलीत आले, दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन. चेहरा असा हलका झालेला, की तिलाही बरं वाटलं.

“कात्री, एक सांगतो, हसू नकोस. मला वाटत होतं, माझं डोकं जातंय. घरी गॅस चालू राहतो. ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही. परवा आमच्याच वळणावर उभा राहिलो, डावीकडे जायचं की उजवीकडे, कळेना. तुझी काकू मागेच लागली. डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली.”

“मग?”

“मग काय, गणिताचा माणूस मी, म्हटलं पडताळा घेऊ. तुझी रेकॉर्डिंग लावून बसलो. खोकला-बिकला तू काढतेस ते ठाऊक आहे, पण शिकवणं तर माझंच ना? कुठे म्हणजे कुठे अडकलेलो नाही. हिला शेजारी बसवून दाखवलं. गप्पच झाली. डॉक्टरांची वेळ रद्द करून टाकली.”

तिने सांगायला हवं होतं. तिथे, त्या क्षणी, नोकरी गेली खड्ड्यात म्हणून सांगायला हवं होतं.

“सर…”

“काय गं?”

“चहा गार होतोय.”

परीक्षेच्या तोंडावर उजळणीचा मोठा लाइव्ह तास होता. सगळ्या तुकड्या एकत्र, आणि पुन्हा तेच टाकीचं गणित. सरांनी पहिला नळ उघडला आणि थांबले. चॅटमध्ये आधी थट्टा झाली, मग थट्टाही थांबली. “आपण कुठे होतो?” त्यांनी विचारलं. पुन्हा विचारलं. मग कॅमेऱ्यात बघून हळूच म्हणाले, “कात्री, हे काढून टाक हं.”

आणि स्वतःच्याच त्या वाक्यावर ते अडले. बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत राहिले. एवढा हिशेब त्यांना अजून जमत होता. “तू हे नेहमी काढतेस का गं?” त्यांनी विचारलं. लाइव्ह होतं, सगळ्यांनी ऐकलं. बंद खोलीत ती हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून रडली.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर थोडं लांबवता आलं असतं. हे कधीपासून होतंय, असंही त्यांनी विचारलं. म्हणून काकू क्लासमध्ये आल्या. कात्रीने न कापलेले मूळ तास उघडून दिले. काकू नवऱ्याला बघत बसल्या, बोर्डाकडे तोंड करून उभा, पेन हातात.

“मला वाटायचं, मीच खोटी,” त्या म्हणाल्या. “घरी हे असं, आणि मोबाईलवर ते तसं. त्यांनी मला ते रेकॉर्डिंग दाखवलं ना, तेव्हा मी त्यांची माफी मागितली होती.”

“काकू, मला त्यांची नोकरी वाचवायची होती.”

“वाचली ना, तेवढे महिने.” काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मालकांनी सरांना घरी बसवलं, रेकॉर्डिंग मात्र चालूच ठेवली. नवी मुलं खाली लिहितात, सर किती सलग शिकवतात. कात्रीला ते वाचवत नाही.

सुटीच्या दिवशी ती सरांच्या घरी जाते. काकूंनीच सांगितलं होतं, “येत जा. मला सगळं ऐकायला सवड होत नाही.” खोलीत भिंतीवर छोटा पांढरा बोर्ड आहे. सर तिला विद्यार्थिनी समजतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही. ते टाकी काढतात, नळ काढतात, एक नळ उघडतात. मग थांबतात.

तिची बोटं हलू लागतात. ती हात मांडीखाली दाबून धरते आणि बसून राहते. स्वयंपाकघरात काकू भांडी घासत असतात. सर बोर्डाकडे बघत असतात, आणि ती सरांकडे. ही शांतता पुष्कळ लांब असते. ती सगळीच्या सगळी ऐकते.

“आपण कुठे होतो?” सर वळून विचारतात.

“टाकीपाशी, सर. पहिला नळ उघडलाय.”

“हो का,” ते म्हणतात, आणि पहिला नळ पुन्हा उघडतात.