सीडीचा खण रिकामा होता

आधीच सांगून टाकतो, भूत-बीत मानणारा माणूस मी नव्हे. उभा जन्म मागावर गेला. रात्रपाळी करून स्मशानाच्या कडेच्या रस्त्यानं सायकल मारत घरी यायचो. दिसली ती कुत्रीच. लोक सांगायचे तिथं एक बाई उभी असते... मी म्हणायचो, असू दे की, तिला पण कुठं तरी उभं राहायचंच असंल. इथं या भुताच्या गोष्टींच्या ग्रुपवर तुम्ही लोक जे लिहिता ते माझी पोरगी हल्ली मला फोनवर वाचून दाखवते. खरं सांगू? त्यातलं निम्मं मला खोटं वाटतं. तेव्हा माझं तुम्हाला खोटं वाटलं तर माझा राग नाही. शाळा चौथीपर्यंत. बोलतो तसंच लिहिलंय, चुकलंमाकलं वाचून घ्या.

आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. घरात बोली तेलुगू, बाहेर मराठी. खाली एका खोलीत माग होता, वरच्या खोलीत आम्ही. माग म्हणजे पॉवरलूम — टॉवेल काढायचो. मागाचा आवाज एवढा की शेजारी बसलेल्याशी पण ओरडून बोलावं लागायचं. आता विकून टाकलाय. माग गेला, मग मागच्या थंडीत राजमणी गेली. माझी बायको. ताप आला, दवाखान्यात नेली, आणि रिक्षातून घरी मी एकटा आलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं हे आहे की काही महिन्यांनी एका सकाळी मी चहा ठेवला होता आणि ती मला खालून हाक कशी मारायची ते आठवायला गेलो. शब्द आठवला. आवाज आठवेना. चहा उतू गेला तरी मी तिथंच उभा. एवढी वर्षं संसार केला, आणि बाईचा आवाज डोक्यातनं पुसून गेला? मी घाबरलो. तुमच्या भुताला नाही घाबरलो एवढा.

फोटो आहे भिंतीवर, हार घातलेला. फोटो बोलत नाही. फोन तिच्याकडं साधा, बटणांचा. बतुकम्माला, म्हणजे आमच्या बायकांच्या नवरात्रातल्या फुलांच्या सणाला, कुणी मोबाईल समोर धरला की पदर तोंडावर. "माझं थोबाड काय बघायचंय, फुलं काढा की," म्हणायची. त्यामुळं व्हिडिओ एक पण नाही.

सरोजाला, म्हणजे माझ्या पोरीला, फोन लावला. ती पुण्यात कंपनीत आहे, एकुलती एक. विचारलं, तुझ्या अम्माचा आवाज कुठं भरून ठेवलाय का? ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "बाबा, कॉलेजला असताना मी तिची बतुकम्माची गाणी रेकॉर्ड केली होती. आपल्या जुन्या लॅपटॉपवर. आहे का तो?"

होता. कपाटावर, साडीत गुंडाळलेला. राजमणीनंच गुंडाळला असणार.

आता या लॅपटॉपची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा. माग, त्यात सूत घेऊन धावणारा धोटा, कात्री, जे हात चालवतं ते सगळं. सरोजाला लॅपटॉप घेतला त्या वर्षी राजमणी म्हणाली, पोरीचं हत्यार हेच, याची पण पूजा. बाजूचं बटण दाबलं की सीडीची ताटली बाहेर यायची. तिला ती ताटली लई आवडली. देवानं नैवेद्याला हात पुढं केल्यासारखं वाटलं असंल. तिनं ताटलीत झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता, वर गूळ-खोबरं, आणि हातानं ढकलून बंद केली. नमस्कार केला. दरवर्षी तेच. सरोजा ओरडायची, "अम्मा, ते मशीन हाय!" ही म्हणायची, "मग माग काय बैल हाय व्हय?"

शेवटी एका वर्षी ताटली आत गेली ती बाहेर येईना. दुरुस्तीवाल्यानं उघडलं तर आत मुंग्या. तो बिचारा हसून हसून बेजार. म्हणाला ही ड्राइव्ह गेली, बदलण्यात अर्थ नाही. ती काढून त्यानं भंगारात टाकली आणि त्या जागी प्लास्टिकचं एक झाकण बसवून दिलं. म्हणजे लॅपटॉपला बाजूनं बघितलं तर खण आहे, आत काय नाही. हे नीट लक्षात ठेवा.

तर लॅपटॉप लावला. पंखा फिरला, काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं, बस. सरोजानं फोटो मागवून बघितला. म्हणाली, "विंडोज गेलंय बाबा. नवीन सिस्टीम टाकावी लागेल. एवढ्या जुन्यावर काहीतरी हलकं टाकू. मी पेनड्राइव्ह बनवून पाठवते." आणि लगेच, "नाहीतर मी आले की करू."

मी म्हणालो, "तू कधी येणार? पाठव."

पेनड्राइव्ह आला. मी शब्बीरभाईला बोलावलं. शब्बीरभाई म्हणजे मी आधी ज्या कारखान्यात होतो तिथला जुना जॉबर, माझ्याच वयाचा. मागाची दुरुस्ती करणारा माणूस. आता गल्लीतले मिक्सर, पंखे, सगळं करतो. दुपारी जेवून आला, चष्मा कपाळावर, लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला.

"अंबादास, मैं लूम का जॉबर हूँ रे. इसमें तेल कां डालते?"

"तेल नको घालू. तिनं गूळ घातला तेवढा बास झाला."

हसलो दोघं. लई दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं.

सरोजाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती सांगत होती — चालू करा आणि लगेच वरचं एफ बारा दाबत राहा. मी दाबलं की उशीर व्हायचा. परत बंद, परत चालू. शब्बीरभाई म्हणाला, "हट, तेरे से धोटा नई चुकता था, बटन चुकता!" आणि स्वतः दाबायला लागला. त्याचं पण चुकलं. फोनमध्ये सरोजाला हसू आवरेना. शेवटी एक यादी आली. तिनं वाचायला लावली. हार्ड डिस्क, यूएसबी, सीडी.

"सीडी तर काढून टाकलीय की," मी म्हणालो.

"ते नुसतं नावाला असतं बाबा. यूएसबी घ्या."

घेतलं. पडदा निळा झाला, चित्र आलं. सरोजा म्हणाली, आता टाकायच्या आधी जुन्या डिस्कमध्ये काय आहे ते बघून घेऊ. तिनं सांगितलं तसं एकेक फोल्डर उघडला. तिच्या कॉलेजचे पेपर, मैत्रिणींचे फोटो, सिनेमे. गाणी नाहीत. परत बघितलं. शोधायच्या रकान्यात नाव घातलं — नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा... आठवलं. डिस्क भरली होती म्हणून मी ती गाणी सीडीवर घातली आणि लॅपटॉपवरनं पुसली."

"मग ती सीडी कुठाय?"

फोनमध्ये नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

"सरोजा, सीडी कुठाय?"

"ड्राइव्हमध्येच होती बहुतेक. अम्मानं तिच्यावरच फूल ठेवलं असणार."

म्हणजे भंगारात. मुंग्यांसकट, राजमणीच्या आवाजासकट. शब्बीरभाई खिडकीकडं तोंड करून बसला. मला राग आला, पण कुणावर यावा ते कळेना. पूजा करणाऱ्या बाईवर राग काय काढायचा? मी म्हणालो, बंद करा, उचला हे. सरोजा रडत होती. "बाबा, एवढं केलंय तर सिस्टीम टाकून घेऊ. निदान मी तुम्हाला व्हिडिओवर मोठी दिसेन." मला तिचं मन मोडवेना. म्हणालो, टाक.

एक पाटी आली — डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? माझं बोट थांबलं. तिनं साडीत गुंडाळून ठेवलेलं होतं हो सगळं. शब्बीरभाई म्हणाला, "दबा दे. जो नई है वो क्या जाता?"

दाबलं. पट्टी सरकायला लागली. चहा केला, प्यायलो. पट्टी भरली. सरोजा पेनड्राइव्ह काढा म्हणाली, काढला. लॅपटॉप बंद होऊन परत चालू झाला. नवा कोरा पडदा.

आणि खर्र असा आवाज आला.

ज्यांनी जुने कॉम्प्युटर वापरलेत त्यांना माहीत असेल, सीडी आत गेली की आधी खर्र करते, मग भिरभिर फिरते. तो आवाज. शब्बीरभाईनं लॅपटॉपवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर मशीनच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस. म्हणाला, "कुछ फिर रहा है."

पडद्यावर गोल चकतीचं एक चित्र आलं. खाली इंग्रजीत नाव. मी एकेक अक्षर वाचून दाखवलं — ए, एम, एम, ए. अम्मा.

सरोजा म्हणाली, "बाबा, चेष्टा करू नका."

मी त्याच्यावर दोनदा दाबलं.

आधी मागाचा आवाज आला. खटाक्-खटाक्, आमचाच माग, खालच्या खोलीतला. मी झोपेत पण ओळखीन. मग त्याच्या वरनं राजमणी. गाणं म्हणत होती, बतुकम्माचं, आजूबाजूला पोरी टाळ्या धरून. सर्दी झाल्यासारखा जाड आवाज... हां. असाच होता. असाच होता तिचा आवाज.

गाणं मध्येच थांबलं आणि ती माझ्यावर ओरडली. तेलुगूत ओरडली, मराठीत सांगतो — "ओ! माग थांबवा की जरा! पोरगी काय म्हणतीय, ऐका तरी तिचं!"

खटाक् आवाज थांबला. कुणीतरी पोरगी खुदकन हसली. परत गाणं. ते शेवटपर्यंत झालं, आणि चकतीचं चित्र पडद्यावरून गेलं.

शब्बीरभाईच्या डोळ्यांतून पाणी. त्याला तेलुगू कळतं, जन्म आमच्यात गेलाय.  फोनमधनं सरोजा म्हणाली, "बाबा, ते ओरडणं कुठनं आलं?"

"म्हणजे?"

"ते मी कापलं होतं. कॉलेजच्या कार्यक्रमात लावायचं होतं, म्हणून तेवढं काढून मग सीडी केली होती. सीडीवर ते नव्हतंच."

शब्बीरभाईनं पेचकस घेतला आणि बाजूचं झाकण काढलं. खिडकीशी नेऊन दोघांनी आत बघितलं. खण रिकामा. चकती नाही, ताटली नाही. पलीकडची पत्र्याची बाजू दिसत होती. लॅपटॉप परत चालू केला, परत परत केला. तो आवाजही नाही, चित्रही नाही.

पुढच्या आठवड्यात एका शिकलेल्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, काका, डिस्कच्या कोपऱ्यात कुठं तरी राहिलं असेल. मी म्हणालो, डिस्क तर पुसली. म्हणाला, मग पेनड्राइव्हमध्ये असेल. पेनड्राइव्ह तेव्हा माझ्या खिशात होता. मग म्हणाला, काका, तुम्हाला भास झाला असेल. मला झाला असेल, मान्य. शब्बीरभाईला पण झाला? पुण्यात बसलेल्या पोरीला फोनमधनं भास होतो? त्यानं लॅपटॉप माझ्या हातात परत दिला.  सरोजाच्या ऑफिसातल्या लोकांनी पण डोकं चालवलं, कुणाचं कुणाशी जुळलं नाही. फोनमध्ये ते भरून घ्यायचं तेव्हा आमच्या तिघांपैकी एकाला सुचलं नाही. तुमच्यात कुणाला यातलं कळत असेल तर लिहा, मी पोरीकडून वाचून घेईन.

मला आता तिचा आवाज आठवतो. परत गेला नाही अजून.

त्या दुपारचं एवढंच राहिलंय. शब्बीरभाई नमाजाला गेला. फोन चालूच होता. तोवर रोज मी काय करायचो — जेवलीस का, जेवलो, ठेवतो. एवढं बोलून ठेवून द्यायचो. त्या दिवशी ठेवताना हात अडला. म्हणालो, "सरोजा, तू काय म्हणत होतीस गं?"

"कधी?"

"कधी पण. बोल. मी ऐकतोय."

पलीकडं तिनं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, मला पण अम्माचा आवाज आठवत नव्हता. तुम्हाला कसं सांगू म्हणून गप्प होते. मला वाटलं, मी एकटीच असली पोरगी."

मी खाटेवर बसलो, फोन कानाला लावला. ती सांगत गेली... दवाखान्यातलं, एवढे दिवस माझ्यापासून लपवून ठेवलेलं, पुण्याच्या खोलीतलं. बाहेर उन्हं उतरली, गल्लीत नळाला पाणी आलं, बायकांचा दंगा सुरू झाला. माझी घागर दारात तशीच होती. उठलो नाही.